गुरुजींची मिळकत

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि दुसऱ्या दिवशी नाशिकच्या वर्तमानपत्रांतून एक ठरावीक छायाचित्र प्रसिद्ध होते. मध्यभागी रडवेले बालक, त्याच्या हाती गुलाबाचे फूल देणारे कोणी पदाधिकारी, आणि चौकटीच्या कडेला, अर्धा कापला गेलेला शिक्षकाचा चेहरा. यात छायाचित्रकाराचा दोष नाही. शिक्षकाविषयी बोलावयाचे ते पाच सप्टेंबरच्या भाषणात, नाही तर निकाल खालावल्यावर बोल लावताना. या दोन प्रसंगांखेरीज त्याच्या दैनंदिन आयुष्याकडे पाहण्याची सवय समाजाला उरलेली नाही. उरलेले सारे वर्ष तो वर्गात काढतो. तेथे त्याला काय सोसावे लागते आणि काय लाभते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

हा हिशेब शहरातील नामांकित विद्यालयापासून सुरू करण्यापेक्षा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यापासून सुरू करणे अधिक न्यायाचे होईल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पहिली ते चौथीचे वर्ग आणि दोन शिक्षक अशी शाळा ही नित्याची गोष्ट आहे. दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार असतो. म्हणजे प्रत्यक्षात शिकवावयास दीडच शिक्षक. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असे प्रमाण दिले आहे. त्या तक्त्याची मौज अशी की पहिली ते पाचवीसाठी तो मुले मोजतो, इयत्ता मोजत नाही. पहिलीच्या मुलास अक्षराचे वळण शिकवावयाचे, त्याच वेळी चौथीस भागाकार घालून द्यावयाचा, आणि दुसरी-तिसरीची भांडणे नजरेनेच मिटवावयाची, ही कसरत कोणत्याही परिशिष्टात मावणारी नाही.

पावसाळ्यात या शाळेचा दिवस घंटेने सुरू होत नाही, छप्पर कोठे गळते ते पाहण्याने सुरू होतो. कोरडा कोपरा सापडला की त्यात वर्ग भरतो. मग पोषण आहाराचे तांदूळ. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम हे प्रमाण ठरलेले आहे; तांदूळ मोजून काढणे, शिजलेले अन्न चाखून पाहणे, उपस्थितांची संख्या त्याच दिवशी भ्रमणध्वनीवरून कळविणे हे सारे शिक्षकाकडे. कळविण्यासाठी संपर्कलहरी मिळावयास हव्यात आणि त्या मिळतात टेकडीच्या माथ्यावर, किंवा विशिष्ट झाडाखाली. दुपारी गुरुजी टेकडी चढू लागले की गावास कळते, वरून काही तरी ‘तातडीचे’ आले आहे. पूर्वी अशी पत्रे टपालाने येत आणि त्यांचा तातडीचा ताप वाटेतच थोडा निवत असे. आता ती क्षणात पोहोचतात, आणि माहिती ‘आज दुपारपर्यंत विनाविलंब’ सादर करण्याचे फर्मान दुपारी बारा वाजता हाती पडते. हीच माहिती मागील महिन्यात दिलेली असते. ती पुन्हा का हवी, हे विचारण्याची सोय केंद्रप्रमुखाकडे नाही आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेही नाही. कारण त्यांनाही ती वरूनच मागितलेली असते.

कायद्याचे याबाबतीतील म्हणणे मोठे स्पष्ट आहे. त्याच शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकास शैक्षणिकेतर कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. अपवाद केवळ तीन – दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका. दार बंद झाले आणि तीन खिडक्या उघड्या राहिल्या. वारा त्यांतूनच येतो. मतदारयादीचे काम एके काळी निवडणुकीपुरते असे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी या नावाने ते आता जवळजवळ बारमाही झाले आहे. मृतांची नावे वगळणे, सासरी गेलेल्या मुलींची नावे हलविणे, अठरा पूर्ण झालेल्यांचे अर्ज भरून घेणे, यासाठी गुरुजी घरोघर हिंडतात. ज्या घरी ते मुलगा शाळेत का येत नाही हे विचारावयास गेले असते, त्याच घरी ते मतदाराचे छायाचित्र मागावयास जातात, आणि पहिला प्रश्न राहून जातो.

त्यातही एक विसंगती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. राज्यघटनेच्या १७१व्या अनुच्छेदाने विधान परिषदेत शिक्षकांसाठी मतदारसंघ राखून ठेवले आहेत. नाशिक विभागाचा मतदारसंघ नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर अशा पाच जिल्ह्यांचा आहे. २०२४च्या जूनमध्ये त्याची निवडणूक झाली. या मतदारसंघात मताचा अधिकार माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांतील शिक्षकांनाच आहे. प्राथमिक शिक्षक त्यात बसत नाही. गावोगाव मतदारयाद्या सिद्ध करणाऱ्या या माणसाला शिक्षकांचा प्रतिनिधी निवडताना मात्र स्वतःचे नाव यादीत शोधता येत नाही. घटनाकारांना तसे का वाटले असेल, याची कारणे इतिहासात असतील. ती आजही टिकून आहेत काय, हा प्रश्न विचारावयास हरकत नसावी.

वेतनाचा विषय थोडक्यात आटोपता येईल, कारण तो सर्वांत अधिक बोलला गेला आहे. १८८२ साली शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकास दरमहा निदान बारा रुपये मिळावेत अशी मागणी केली होती आणि हा शिक्षक प्रसंगी नांगराच्या रुमण्याला हात घालण्यास न लाजणारा असावा, असेही सुचविले होते. मागणीचा पहिला भाग पुढील शतकात पुष्कळ अंशी पूर्ण झाला. वेतन आयोगांनंतर जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकाची स्थिती हलाखीची राहिली नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु २००० साली शासनाने शिक्षणसेवक नावाची नवी पायरी खाली बांधली: पहिली तीन वर्षे वेतन नव्हे, मानधन, प्राथमिक शिक्षकास दरमहा तीन हजार. हे मानधन सोळा हजारांवर जाण्यास २०२३ साल उजाडावे लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना संपली. तिच्यासाठी २०२३च्या मार्चमध्ये राज्यभर सात दिवस संप झाला. याहून बिकट कहाणी विनाअनुदानित शाळांची आहे. अनुदान आज मिळेल, उद्या मिळेल या आशेवर बिनपगारी शिकविणारे, आणि सायंकाळी दुकानाची वही लिहिणारे किंवा रिक्षा चालविणारे पदवीधर या राज्याने पाहिले आहेत. ‘कायम विनाअनुदानित’ या शब्दप्रयोगातील ‘कायम’ हा शब्द २००९मध्ये वगळण्यात आला. शब्द गेला, टप्प्याटप्प्याने येणाऱ्या अनुदानाची प्रतीक्षा त्यानंतरही वर्षानुवर्षे चालली.

अलीकडचा घाव वेगळ्या प्रकारचा आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. ही परीक्षा महाराष्ट्रात प्रथम झाली ती २०१३ साली. त्यापूर्वी दहा-बारा वर्षे फळ्यासमोर काढलेल्या माणसाला आता त्याच्याच माजी विद्यार्थ्याच्या शेजारच्या बाकावर बसून उत्तरपत्रिका काळी करावी लागते. शिक्षकाने अभ्यास करावा याविषयी वाद नाही. उलट, पन्नाशीत पुन्हा पुस्तक उघडावे लागणे हे काहींच्या हिताचेच ठरेल. पण वीस वर्षे ज्याला कोणी ‘तुला शिकविता येते काय’ असे वर्गात येऊन विचारले नाही, त्याला हा प्रश्न एकदम नोकरीवर बेतेल अशा रीतीने विचारला जावा, यातला कडवटपणा समजून घेण्यासारखा आहे.

गुरुजींच्या गाऱ्हाण्यांची दुसरी बाजूही आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मिळवून घरभाडे भत्ता घ्यावयाचा आणि नाशिक शहरातून रोज जीपने ये-जा करावयाची, हा प्रकार अपवादात्मक नाही. पेठचा घाट उतरून शाळेत पोहोचेपर्यंत अकरा वाजतात आणि परतीची गाडी गाठण्यासाठी चारलाच चुळबूळ सुरू होते, हे गावाला दिसते. शिक्षणहक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणीची बंदी केलेली असतानाही शहरात ती कोठे कोठे चालते, हेही पालकांना ठाऊक आहे. आपल्या मुलाला इंग्रजी माध्यमात घालून जिल्हा परिषदेच्या शाळेची पटसंख्या का घटते यावर चर्चासत्रात बोलणारे शिक्षक आहेत. गावाचा विश्वास उडाला तो केवळ शासनामुळे नव्हे. अर्थात, गावात राहावे तर राहण्याजोगी खोली नाही, उन्हाळ्यात प्यावयास पाणी नाही, आणि स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची सोय नाही, हेही त्याच गावाला ठाऊक असते. राज्यातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांत गणना व्हावी अशा या डोंगरात एप्रिल-मेमध्ये हंड्यांच्या रांगा लागतात, हे कोडे शिक्षकाने निर्माण केलेले नाही.

वर्गातील खरी अडचण मात्र या सर्वांहून खोल आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. ती भाषेची. सुरगाणा-पेठकडील मूल घरी कोकणा बोलीत बोलते. बागलाण, कळवण, मालेगावच्या खेड्यांत अहिराणी कानावर पडते. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना एक समान बालपण दिले, हे तिचे ऋण मोठेच. पण त्या पुस्तकाची भाषा या मुलांना अर्धी परकी आहे. अहिराणी बोलणारे मूल ‘माझा बाप’ असे म्हणत नाही, ‘मना बाप’ म्हणते. निबंधात तसे लिहिले की तांबडी शाई उमटते. मूल बुद्धीने मंद नसते. ते दोन भाषांमधल्या पुलावर उभे असते आणि पूल बांधण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याला ती बोली येतेच असे नाही. बदलीच्या संगणकीय पद्धतीत गावे निवडता येतात, बोलीचा रकाना तेथे नाही. तरीही अनेक शिक्षक पहिल्या दोन वर्षांत ती बोली मुलांकडूनच शिकून घेतात. मास्तरांच्या उच्चाराला सारा वर्ग खदखदून हसतो, आणि ज्या दिवशी तो हसतो त्या दिवसापासून शिकू लागतो, असा अनुभव या भागात सांगितला जातो. शासनदरबारी याची नोंद नाही. उलट, २०२३-२४च्या पुस्तकांत प्रत्येक पाठानंतर कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला, दप्तर जड झाले, आणि २०२५मध्ये तो मागे घेण्यात आला. कोऱ्या पानांवर विचार करावयास वेळ होता; त्या पानांवर मूल कोणत्या भाषेत लिहिणार, यावर झाला नाही.

हे सगळे असताना माणसे या व्यवसायात टिकतात कशी? दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम हे एक उत्तर आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण ते पुरे नाही. वाचता येऊ लागण्याचा क्षण ज्याने पाहिला आहे, त्याला दुसरे उत्तर ठाऊक असते. महिनोन् महिने मूल अक्षरे ओळखते, जोडते, विसरते. मग एके दिवशी फाट्यावर उभे असताना एस.टी.च्या कपाळावरची पाटी ते मोठ्याने वाचते, आणि आपण वाचले याचा त्याला स्वतःलाच अचंबा वाटतो. त्यानंतर त्याला थांबविता येत नाही. साबणाचा कागद, खताची गोणी, भिंतीवरची जाहिरात, सारे वाचून होते. निफाड-येवल्याकडे कांद्याच्या हंगामात एखादी पाचवीतली मुलगी वडिलांनी बाजार समितीतून आणलेली हिशेबपट्टी हाती घेते, हमाली आणि तोलाईची वजावट बोटाने जुळवून पाहते आणि बेरीज चुकली आहे असे सांगते. बाप प्रथम तिला दटावतो, मग पुन्हा बेरीज करावयास सांगतो. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी विनाकारण रेंगाळतो, गुरुजींना रामराम करतो आणि काही न बोलता निघून जातो. ही मिळकत करपात्र नाही.

जुन्या शिक्षकांच्या हातून आणखी एक गोष्ट घडली आहे, तिची गंमत महाराष्ट्राबाहेरच्यास सांगूनही पटावयाची नाही. मूल शाळेत घालताना आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसे. पावसाच्या आधी झाला, पटकीच्या साथीनंतर झाला, एवढीच खूण. मास्तर अंदाजाने वर्ष धरीत आणि पुढे ‘१ जून’ लिहून मोकळे होत. परिणामी या राज्यातील एका पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची गर्दी उसळते. शाळेच्या जनरल रजिस्टरातील ती नोंद मास्तरांनी कदाचित दोन मिनिटांत केली असेल. तिने माणसांचे निवृत्तीचे वर्ष ठरविले. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळाशाळांतील कपाटे उघडली गेली, कसर लागलेली रजिस्टरे उन्हात पसरली गेली, आणि कोणा अनाम पंतोजीने बोरूने लिहिलेल्या एका शब्दाकडे नातवंडे-पणतवंडे डोळे लावून बसली. शिक्षकाच्या अक्षराला एवढे वजन असते, हे त्या वेळी त्याला कोणी सांगितले नव्हते.

नाशिक नगरीला तर शिक्षकाच्या मोठेपणाची कथा दोनदा लाभली आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३च्या फेब्रुवारीत, येथील कारागृहात. ‘गुरुजी’ या शब्दाला आज जो सुगंध आहे, तो बव्हंशी त्यांचा. मात्र अमळनेरच्या शाळेतील त्यांची नोकरी १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षांची होती, हे विसरले जाते. ते पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. तीस-पस्तीस वर्षे हजेरी घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. दुसरी कथा कुसुमाग्रजांची. पुरात घर गमावलेला माजी विद्यार्थी शिक्षकाच्या दारी येतो, पैसे नाकारतो आणि केवळ धीर मागून जातो, ही त्यांच्या ‘कणा’ या कवितेतील हकिकत मराठी माणसाला तोंडपाठ आहे. निरोपसमारंभात ती म्हटली जाते आणि डोळे पाणावतात. अडचण एवढीच की ही कविता शासनानेही फार मन लावून वाचली असावी. ज्याला विद्यार्थ्याच्या कृतज्ञतेत धन्यता वाटते, त्याला मानधनावर ठेवले तरी चालते, त्याच्यावर आणखी एक सर्वेक्षण टाकले तरी तो निभावून नेतो, असा हिशेब कोणी कागदावर मांडलेला नसला तरी व्यवहारात तो दिसतो.

असामान्य शिक्षकांचा गौरव होतो तेव्हाही हेच घडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळीच्या जिल्हा परिषद शाळेत मुले दोन्ही हातांनी लिहितात आणि शाळा सुट्टीविना चालते, हे पाहावयास लांबून माणसे येतात. अशा कामाचे कौतुक करावे तितके थोडे. पण एकाने सुट्टी न घेता शाळा चालविली म्हणून सुट्टी घेणारा दुसरा कामचुकार ठरत नाही. डोंगरातील बहुसंख्य शाळा मध्यम कुवतीच्या, प्रामाणिक, थकलेल्या माणसांच्या बळावर चालतात. त्यांचे रोजचे काम सुकर करणे हे पुरस्कार देण्यापेक्षा कठीण आहे, आणि बहुधा म्हणूनच ते मागे पडते. २०२३मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले शाळेच्या प्रश्नावर जिल्हा परिषदेवर गेली होती आणि दप्तरे घ्या, आम्हाला शेळ्या द्या, असे त्यांनी सांगितले होते. शाळा वाडीपासून लांब गेली तर मुलाचे काय होईल, हे त्या मुलांनी अहवालाविना सांगून टाकले.

पटसंख्या हा शब्द शासनाला जसा ऐकू येतो तसा शिक्षकाला येत नाही. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीस उतरतात. कोणी ऊसतोडीला जातात, कोणी वीटभट्टीवर. थोरल्या मुलीला धाकट्याला सांभाळण्यासाठी न्यावेच लागते. वर्ग निम्मा होतो. नियमाने पाहता दीर्घकाळ गैरहजर मुलाचे नाव पटावर ठेवणे संशयास्पद. २०११च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली तेव्हा खोट्या पटाची लबाडी उघडी पडली, आणि तेव्हापासून प्रत्येक गैरहजर नावाकडे तपासनीस त्याच नजरेने पाहतो. आता शिक्षकांची पदेही आधार क्रमांकाशी जुळलेल्या विद्यार्थ्यांवर मंजूर होतात. पण नाव कमी केले तर मूल कायमचे गेले, हे गुरुजींना अनुभवाने कळलेले असते. म्हणून ते नाव ठेवतात आणि स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी पत्रक लिहून देतात, जेणेकरून बागेजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. पत्रकावर इयत्ता, कोठवर शिकवून झाले आहे ते, आणि सही. आईच्या हाती देताना ते हरवू नये, एवढेच बजावले जाते.

जूनमध्ये पहिला पाऊस पडतो आणि माणसे डोंगरात परततात. शाळा उघडल्यावर चार-सहा दिवसांनी दारात एक मूल उभे राहते. अंगाने वाढलेले, उन्हाने काळवंडलेले, हातात चार घड्या पडलेला कागद. गुरुजी तो उलगडून पाहतात. कधी त्यावर दिंडोरीकडच्या शाळेचा शिक्का असतो, कधी नसतो. मग ते हजेरीपुस्तक उघडतात आणि ते नाव मोठ्याने पुकारतात.